इलेक्ट्रिक गिटारमध्ये माणूस एवढा का गुंततो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांनी कॉलेजात असताना घेतलेली इलेक्ट्रिक गिटार पंचवीस वर्षं घरात आहे, वर्षातून तीन-चारदा बाहेर निघते, घर वन बीएचके, ती विकून वर थोडे पैसे घातले तर नवी, हलकी, चांगली गिटार येईल, पण विषय काढला की ते गप्प होतात. एका वस्तूत माणूस इतका का अडकतो?

मी सांगलीचा. पंचवीसहून जास्त वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, दिवसा शिकवण्या घेतो. माझ्याकडेही अशी एक गिटार आहे. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या गप्प होण्याबद्दल मला थोडंफार सांगता येईल असं वाटतं.

कधी बोललेच तर ते म्हणतील, "हिचा आवाज वेगळा आहे." ते खोटं नाही, पण पूर्ण कारणही नाही. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो तो असा: पोलादी तार लोहचुंबकाच्या वर थरथरते, त्या चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, त्यात वीज निर्माण होते आणि ती अँप, म्हणजे अँप्लिफायर, मोठी करतो. तारा तर आम्ही दर महिना-दोन महिन्यांनी बदलतो. फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजले की नवे बसवतो. ते चुंबक आणि वेढे, म्हणजे पिकअप, बदलायला सोल्डरिंग आयर्न आणि अर्धा तास पुरतो. नुसता आवाजच हवा असता तर माणूस एवढा हळवा झाला नसता. हळवेपणा कुठून येतो ते सांगायला मला १९६३ च्या ऑगस्टमध्ये जावं लागेल, कारण त्या एका महिन्यात एका मुलाने गिटार बनवायला घेतली, दुसऱ्याने विकत घेतली, आणि दोघांनीही त्या जन्मभर सोडल्या नाहीत.

पहिला मुलगा लंडनजवळच्या फेल्टमचा, ब्रायन मे, वय सोळा. दुकानातल्या अमेरिकन गिटारी घरच्या ऐपतीबाहेरच्या. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, हाताने वस्तू करणारे. दोघांनी ठरवलं, आपणच बनवू. ओळखीच्यांच्या घरातली शंभर वर्षांहून जुनी शेकोटीची महोगनीची चौकट टाकून द्यायला निघाली होती, तिच्यातून गिटारची नेक, म्हणजे तारा दाबायची लांब मान, कोरली. त्या लाकडाला कीड लागून भोकं पडली होती. ती भोकं त्यांनी काडेपेटीतल्या काड्यांनी बुजवली. बॉडीला जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. सूर हलवण्याचा जो दांडा असतो, त्याच्या स्प्रिंगा १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. दांडा सायकलच्या सीटमागच्या पिशवीच्या आधाराचा, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. नेकवर जे पांढरे ठिपके असतात, ती आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. दोन वर्षं हे चाललं होतं. खर्च आठ पौंडांच्या आसपास.

मी ही यादी मुद्दाम सगळी लिहिली. ती वाचताना डोळ्यांसमोर गिटार कमी आणि घर जास्त येतं. आईचा शिवणकामाचा डबा, वडिलांची हत्यारं, कुणाच्या तरी घरातली शेकोटी. पुढे ब्रायन क्वीन बँडमध्ये गेला. (त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला शाळेत होता.) क्वीनच्या जवळजवळ सगळ्या गाण्यांत हीच गिटार आहे. तिला नाव पडलं रेड स्पेशल. ती तो तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीने, म्हणजे पिकने, वाजवत नाही, जुन्या सहा पेनीच्या नाण्याने वाजवतो. नाण्याची कड दातेरी असते, ती तारेला घासली की सुरुवातीला एक बारीक करकर येते. हेडफोन लावून ऐका, कळेल.

पण या गोष्टीतली मला सर्वांत जवळची वाटणारी बाब वेगळीच आहे. ज्या वडिलांनी मुलाबरोबर दोन वर्षं बसून ती गिटार केली, त्याच वडिलांना मुलाने शिक्षण सोडून ती वाजवत हिंडावं हे पटलं नाही. ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्रात पीएचडी करत होता, ती त्याने अर्धवट सोडली. बापलेकांत मोठा दुरावा आला. पुढे बँडचं नाव झाल्यावर ब्रायनने आईवडिलांना कॉनकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, आणि त्यानंतर वडील म्हणाले की आता आपल्याला कळलं. हे ब्रायनने मुलाखतींत सांगितलंय. अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. तेव्हा वडील हयात नव्हते.

आता विचार करा, दुरावा होता त्या सगळ्या वर्षांतही तो रोज रात्री स्टेजवर काय गळ्यात घालून उभा होता? वडिलांनी तासलेलं लाकूड.

तुम्ही विचारलंय, तशीच दुसरी घेतली तर काय बिघडतं. त्याचं उत्तरही याच गिटारपाशी आहे. मूळ गिटारला काही होऊ नये म्हणून ब्रायनकडे तिच्यासारख्या दुसऱ्या करून ठेवलेल्या असतात. अशीच एक नक्कल १९८२ च्या अमेरिका दौऱ्यात सुरात राहीना, तेव्हा वैतागून त्याने ती स्टेजवर भिरकावली आणि तिचे तुकडे झाले. आकार तोच, पिकअपही तीनच. ती भिरकावता आली. पुढे ग्रेग फ्रायर नावाच्या ऑस्ट्रेलियन कारागिराने अगदी बारकाईने हुबेहूब प्रती केल्या, १९९८ मध्ये मूळ गिटारची डागडुजीही केली. तरी २००२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून राष्ट्रगीत वाजवायची वेळ आली, तेव्हा हातात आईच्या बटणांची तीच गिटार होती.

दुसरा मुलगा आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला, रोरी गॅलाघर, वय पंधरा. त्याची गोष्ट उलटी. एका शोबँडच्या, म्हणजे नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या बँडच्या, गिटारवाल्याने फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार लाल रंगात मागवली होती, आली सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला गडद होत जाणारी. लाल आल्यावर त्याने ही दुकानाला परत केली. रोरीने ती १०० पौंडांना हप्त्यांवर घेतली. त्या काळी, त्या घराला, हा आकडा डोक्यावरून पाणी. आईला पटवताना त्याने सांगितलं म्हणे की मी एकटाच दोन गिटारवाल्यांचं काम करीन, मग पैसे फिटतील.

ही गिटार एकदा डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली, ओरखडलेली सापडली. रोरीने तेव्हाच मनाशी ठरवलं की हिला आता कधी विकायचं नाही. तो वाजवायचा तेव्हा घामाने न्हाऊन निघायचा, आणि तो घाम वर्षानुवर्षं लागून गिटारचा रंग उडत गेला. तिचे फोटो पाहा. सनबर्स्टचे काही पट्टे राहिलेत, बाकी सगळं उघडं, काळपट पडलेलं लाकूड. जिथे मनगट टेकायचं तिथे सर्वांत जास्त. १९९५ मध्ये तो सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला, तोवर तीच त्याच्या हातात होती.

पुढे फेंडर कंपनीने तिची नक्कल बाजारात आणली, उडालेल्या रंगासकट. कारागीर फोटो आणि मापं समोर ठेवून, रोरीचा रंग जिथे उडाला तिथेच उडवतात. ते काम कौशल्याचं आहे आणि लोक हौसेने घेतातही, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण मूळ गिटारवरची ती झीज म्हणजे एका माणसाच्या बत्तीस वर्षांच्या रात्री आहेत. कारखान्यात ती आठवड्याभरात करता येते, फक्त तिच्यामागे रात्री नसतात. मूळ गिटार रोरीच्या भावाने जवळजवळ तीस वर्षं जपली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलाव झाला, सात लाख पौंडांवर हातोडा पडला. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. शंभर पौंड जास्त वाटून जीव कासावीस झालेल्या त्या आईचा विचार माझ्या मनात येतो.

आता माझी. तिला कुणी संग्रहालयात ठेवणार नाही, पण तुमच्या यजमानांच्या गिटारशी तिचं नातं जास्त जवळचं असावं.

१९९६ साल. मी बावीस वर्षांचा. तीन गणेशोत्सव उसन्या गिटारवर वाजवून साडेपाच हजार साठवले होते. मुंबईत दादरला एक वादक आपली कोरियन बनावटीची, लेस पॉल (गिब्सन कंपनीचा गाजलेला नमुना) आकाराची गिटार साडेसात हजारांना काढतोय असं कळलं. आमचे अण्णा हळदीच्या अडतीवर दिवाणजी. "गिटारने पोट भरत नाही, बँकेची परीक्षा दे," हे मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल. त्यांना न सांगता जाणार होतो. निघायच्या आदल्या रात्री जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "किती कमी पडतात?" आणि मग म्हणाले, "एकटा नको जाऊस, एवढे पैसे घेऊन."

दादरला त्या खोलीत मी गिटार वाजवून बघत होतो आणि अण्णा दाराशी चपला काढून उभे होते. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं. त्यांनी गिटार हातात घेतली, हळदीचं पोतं जोखावं तशी जोखली आणि म्हणाले, "माल वजनदार आहे." गिटारला केस नव्हती. मी विचारात पडलो, एवढ्यात अण्णांनी पिशवीतून अडतीवरची दोन घडी केलेली पोती काढली. घरून निघतानाच घेतली होती. गिटार त्यांनी स्वतः गुंडाळली, सुतळीने बांधली, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये जनरलच्या डब्यात रात्रभर मांडीवर आडवी घेऊन बसले. मी दोनदा मागितली. "तू झोप," म्हणाले.

पोती झटकून आणली होती, पण हळद कुठली झटकून जाते? गिटारच्या कडेने क्रीम रंगाची एक पट्टी असते, बाइंडिंग म्हणतात. त्या पट्टीच्या आणि लाकडाच्या मधल्या बारीक खाचेत हळद बसली. ती अजून आहे. पाठीमागच्या एका स्क्रूच्या डोक्यातही आहे. अण्णा २०११ मध्ये गेले. त्यांचे कपडे आम्ही रीतीप्रमाणे देऊन टाकले, चष्मा कुठे गेला माहीत नाही. त्यांच्या अडतीवरची हळद तेवढी माझ्या गिटारच्या खाचेत राहिली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमचं घर गावभागात. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आईची औषधं, कागदपत्रांची पिशवी आणि गिटार घेऊन मी शेजारच्यांच्या गच्चीकडे निघालो. आमच्या पेशात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते: १९४९ च्या हिवाळ्यात अमेरिकेत आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी बी. बी. किंग वाजवत असताना दोन माणसांची मारामारी झाली, ऊब देण्यासाठी ठेवलेलं रॉकेलचं पिंप कलंडलं, हॉल पेटला, आणि बाहेर पळालेला किंग गिटारसाठी पुन्हा आगीत शिरला. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून झाली होती. असा वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून त्याने गिटारला तेच नाव दिलं. पुढे गिटारी बदलत गेल्या, नाव मात्र प्रत्येकीला ल्युसिलच. तरुणपणी मला ही गोष्ट थोडी फुगवलेली वाटायची. त्या दिवशी कमरेभर पाण्यात गिटार डोक्यावर धरून चालताना ती मला खरी वाटली.

ओल्या जिन्यावर पाय घसरला. आई सावरली, मी सावरलो, गिटार निसटली. लेस पॉल आकाराच्या गिटारीत खुंट्यांचं डोकं मागे कललेलं असतं आणि नेमकं तिथेच आतल्या लोखंडी सळीसाठी लाकूड कोरून काढलेलं असतं, म्हणून ती तिथेच मोडते. माझीही तिथेच मोडली. डोकं तारांना लोंबकळत होतं. त्या गच्चीवर, आजूबाजूला घरं बुडालेली असताना, एका गिटारसाठी रडायची मला लाज वाटली. तरी रडू आलं.

पाणी ओसरल्यावर एका दुकानात दाखवली. नवी घ्या म्हणाले, दुरुस्तीत अर्थ नाही. मग मी मिरजेला गेलो. मिरजेची सतार आणि तानपुरा तुम्हाला माहीत असतील. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथे वाद्यं करायला घेतली. २०२४ मध्ये त्या सतारींना आणि तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरापुढे मी पोतं सोडलं. हो, पोतं. त्यातलं एक मी ठेवलं होतं.

त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त केली नव्हती. मोडलेली दोन्ही टोकं उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली, अंगठ्याने तंतू चाचपले. म्हणाले, "लाकूड आमच्यातलं नाही. पण मोड ओळखीची आहे. तानपुरा पडला की असाच मोडतो." सरस गरम करायला ठेवला. त्याचा तो उग्र वास मला आवडतो असं मी आजही म्हणेन. मोडीच्या प्रत्येक तंतूत त्यांनी बारीक कुंचल्याने सरस भरला, दोन्ही भाग जुळवले, आणि सुतळीचे वेढे घालत लाकडी पाचरी ठोकून आवळत आणले. आठ दिवस हात लावायचा नाही म्हणाले. नवव्या दिवशी गेलो तेव्हा सांधा घासून, पॉलिश करून ठेवला होता. नीट पाहिलं तर एक केसाएवढी रेघ दिसते. वाजवताना अंगठ्याला कळतही नाही.

बाकी गिटारही त्यांनी पुसून लख्ख केली होती. मी घाबरून बाइंडिंग पाहिलं. पिवळं जागच्या जागी होतं. ते म्हणाले, "ते काढणार होतो. मग वास घेतला. हळद आहे ना? म्हटलं, आधी विचारावं."

ताई, तुम्ही प्रश्नात "वस्तू" म्हणालात. आपल्याकडे तबल्याला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात, खंडेनवमीला वाद्यं पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. इलेक्ट्रिक गिटार प्लगवर चालते, परदेशातून आली, म्हणून ती या रीतीबाहेर राहते असं मला वाटत नाही. माझी गिटार दर खंडेनवमीला पाटावर असते. आई वाहते ती हळद वेगळी आणि खाचेतली वेगळी, एवढाच फरक.

विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरात आजारपण आलं, फी भरायची झाली, तर गिटार विकावी लागते. माझ्या ओळखीच्या दोघांनी विकल्या. दोघेही आजतागायत त्या गिटारचा सीरियल नंबर तोंडपाठ सांगतात. पण तुमच्या लिहिण्यावरून अडचण पैशाची दिसत नाही, जागेची आहे. म्हणून विकण्याआधी एक करून बघा. एका रविवारी दुपारी चहा झाल्यावर त्यांना ती बाहेर काढायला सांगा आणि पाठ उलटी करून दाखवायला लावा. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असतील, कडेला एखादा टवका उडालेला असेल. एकेकावर बोट ठेवा आणि विचारा, हा कधीचा? "विकायची का?" असं विचारल्यावर जो माणूस गप्प होतो, तो इथे बोलायला लागेल. पहिल्या टवक्यात एखादा मित्र निघेल, दुसऱ्यात कदाचित सासूबाई. पंचवीस वर्षं म्हणजे तुमच्या लग्नाच्याही आधीची, नाहीतर त्याच सुमाराची. तुम्हीही कुठल्या तरी ओरखड्यात असायची शक्यता आहे.

आणि जागेचं. माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते आणि नेक वाकते. पलंगाखालीही नको, पावसाळ्यात ओल धरते आणि तारा गंजतात. भिंतीवर टांगायचा हुक मिळतो, तीन-चारशे रुपयांपासून. गिटार टांगली की फूट-सव्वा फूट रुंदीची भिंत लागते, दाराच्या मागेसुद्धा बसते, फक्त दार तिच्यावर आपटत नाही ना ते बघा. बाहेरची, पावसाने भिजणारी भिंत नको, आतली घ्या. ड्रिलने भोक पाडताना नुसत्या प्लास्टरमध्ये नको, विटेत गेलं पाहिजे, आणि प्लास्टिकची गुल्ली घालून मगच स्क्रू आवळायचा. या गिटारी साडेतीन-चार किलोच्या असतात, हुक ढिला राहिला तर माझ्या गिटारचं झालं ते तिचंही होईल.

हुक तुम्ही आणून ठेवा. टांगू दे त्यांनाच.